गिअर आपापले आणावे

हिंगोली
८ जानेवारी २००६

प्रेमदास,

फोन तूच उचललास. तू "हॅलो" म्हणालास, मी "काय मेहुणेराव" म्हणालो, आणि तू ठेवून दिलास. त्याची माझी तक्रार नाही. सात वर्षांनी दोन शब्दांत आवाज ओळखलास, हे काय थोडं झालं?

पण ठेवायच्या आधी तुझ्या पाठीमागं जे चाललं होतं ते मी ऐकून घेतलं. माझे कान तुला ठाऊक आहेत. तुझा नंबर आणि पोस्टाचा पत्ता जवळा बाजारच्या सटवाजीनं दिला. तो तिकडं दुबईत क्रेन चालवतो, सुटीवर आला होता. "प्रेमदास सिमेंटच्या गोदामावर हाय, उत्तमभाऊ," असं तो म्हणाला. असशील बाबा. फक्त त्या सिमेंटच्या गोदामात कुणीतरी टू-स्ट्रोक गाडीला रेस देऊन राहिलं होतं, आणि तिचा प्लग काळा पडत असावा असं मला इथून हिंगोलीहून वाटलं. तेवढं बघायला सांग.

आता तू म्हणशील, दाजी भांडण मिटवायला निघाले. मुळीच नाही. भांडण तुझं आणि शिलाचं, भावा-बहिणीचं. मी मधे पडलो तर दोन्हीकडून खाईन. पण इतक्या वर्षांत त्या भांडणाला तुझ्याकडं शिंगं-शेपूट फुटली असतील, म्हणून होतं तेवढं लिहून ठेवतो. तू परभणीच्या शर्यतीत उडीवर पडलास. पायात सळई बसली. तू नांदेडच्या दवाखान्यात असताना शिलानं तुझी आरएक्स भंगारवाल्याला देऊन टाकली. मडगार्ड काढलेली, जाड खाचांचे टायर चढवलेली, आपण दोघांनी वर्षभर खपून तयार केलेली ती गाडी. तू कुबडीवर तांड्यात आलास, गोठ्यात डोकावलास, आणि कुणाला न सांगता निघून गेलास. एवढंच. त्यानंतर तुझे बापू वारले, तू आला नाहीस. तुझी याडी हल्ली दारात कुणाचीही गाडी थांबली की "माझं लेकरू आलं का?" म्हणून विचारते. आणि शिला तुझं नावच घेत नाही. मला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

पत्राचं कारण वेगळं आहे. मी सुटीवर जाणार आहे. हसू नकोस. रॉकेलच्या घमेल्यात नट-बोल्ट धुवायला बसलो त्या वयापासून सुटी म्हणजे लाइट जाते तेवढा वेळ, असंच मला माहीत. आता औंढा रोडला आपलं वर्कशॉप आहे, शेजारी स्पेअर पार्टचं दुकान आहे, मी नसलो तरी शटर उघडतं. लोक बालाजीला जातात, काश्मीरला जातात. मी परदेशात जाऊन मोटोक्रॉसची गाडी भाड्यानं घेणार आणि वाळूत उडवणार. तुमच्या मुलखात अशा गाड्या मिळतात म्हणे. तू सिमेंटातला माणूस, तुला त्यातलं ठाऊक असायचं कारण नाही. तरी काही कानावर आलं तर कळव.

तुझा दाजी,
उत्तमसिंग

हिंगोली
२ फेब्रुवारी २००६

मेहुणेराव,

उत्तर नाही, म्हणजे तब्येत बरी आहे असं धरून चालतो. आजारी माणूस लिहितो.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस वर्कशॉपवर आले होते. ओळखीचेच. त्यांची बुलेट आपल्याकडंच असते. स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, "दुबईला काय काम?"

"गाडी चालवायची."

"डायव्हर म्हणून?"

"न्हाई, हौस म्हणून. भाड्यानं घेऊन."

"भाडं कंपनी देणार?"

"आपण द्यायचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या दारात उभ्या असलेल्या गाड्यांकडं एक नजर टाकली. "उत्तमभाऊ, अख्खा जिल्हा आपल्या गाड्या तुमच्या दारात आणून टाकतो, आन तुमी भाड्याच्या गाडीसाठी इमानानं चालले? वाळूच पायजे तर कयाधू नदीत काय कमी हाय? घरी काही तकलीफ तर न्हाई ना?"

मी म्हटलं, घरी सगळं बराबर आहे. चहा झाला. त्यांनी कारणाच्या जागी "पर्यटन" लिहिलं आणि जाताना मान हलवत गेले.

बस स्टँडजवळ पुनमनं इंटरनेटचं दुकान टाकलंय. पुनम म्हणजे कुरुंद्याच्या किसनरावांची सून. किसनराव तुला आठवतील, शर्यतीला जाताना आपण ज्यांचा टेम्पो न्यायचो ते. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत बडवते. गाड्या भाड्यानं देणाऱ्या तीन कंपन्यांना लिहिलं. एकीचं उत्तर नाही. दुसरीनं उंटावरच्या सहलीची माहिती पाठवली. तिसरीचं उत्तर मात्र त्याच संध्याकाळी हजर. गाड्यांची नावं, ट्रॅक केवढा, उड्या किती उंच, सगळं मुद्देसूद. खाली सही: पी. दास, बुकिंग. नाव बंगाली दिसतं. बंगाली माणूस शिस्तीचा असतो असं ऐकून आहे.

मी दोन गाड्या सांगितल्या आहेत. एक माझी. दुसरी कुणाची ते अजून ठरायचं आहे.

उत्तमसिंग

हिंगोली
१९ फेब्रुवारी २००६

प्रेमदास,

आज राग आलाय म्हणून मेहुणेराव नाही, नुसतं नाव.

त्या कंपनीच्या अटी आल्या. पुनम वाचत होती, मी मान डोलवत होतो. विमा, परवाना, पाणी पीत राहणे, ठीक आहे. मग एक ओळ आली: "गिअर नॉट इन्क्लुडेड. रायडर्स शुड ब्रिंग ओन गिअर."

मी म्हटलं, "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. गिअर भाड्यात नाही. स्वारानं आपले गिअर स्वतः आणावेत.

"पुनम, तू बी.कॉम. आहेस. नीट बघ, दुसरा काही अर्थ निघतो का?"

"काका, गिअर म्हणजे गिअरच. दुसरं काय असणार?"

आता मला सांग, हा कसला धंदा? गाडी भाड्यानं द्यायची आणि तिच्या पोटातला गिअर काढून ठेवायचा! भाडेकरूनं येताना आपला घेऊन यायचा! बिनगिअरची गाडी उडी मारेल का रे? भिंतीला टेकवून फोटो काढायची गाडी झाली ती. मी इतकी वर्षं धंदा केला, गिऱ्हाइकाला "पिस्टन घरून आण" असं म्हटलं नाही कधी. मग विचार केला, एकेका मुलखाची एकेक रीत असते. वाळू बारीक, ती गिअरबॉक्समध्ये शिरत असेल, रोज नवा भाडेकरू दात झिजवून जात असेल, म्हणून कंपनी शहाणी झाली असेल. या विचारानं जरा शांत झालो.

मी दोन गिअरबॉक्स उघडून, धुऊन, ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवलेत. पण त्यांच्या गाडीला आपला गिअर बसायचा कसा? कंपनीला विचारायला गेलो तर रस्ता खोदणाऱ्यांनी टेलिफोनची तार तोडलेली, पुनमचं दुकान बंद. कधी जोडतील देव जाणे. म्हणून हे फक्त तुला लिहितोय, दुसऱ्या कुणाला बोललो नाही. सिमेंटच्या गोदामात कुणी जाणता मिस्त्री असेल तर विचार: दाते किती, शाफ्ट केवढा, आणि विमानात गिअरबॉक्सचं पोतं चालतं का.

उत्तमसिंग

हिंगोली
१५ मार्च २००६

मा. बुकिंग साहेब,

आता मायना बदलायला हवा ना?

काल तार जोडली. पुनमनं दुकान उघडून मला निरोप धाडला, "काका, कंपनीचं आलंय, पण मला काही कळंना." गेलो. पी. दास साहेबांनी आपण होऊन, न विचारता, चार ओळी पाठवल्या होत्या. हेल्मेट, बूट, हातमोजे, गुडघ्याचे पट्टे, छातीचं कवच, या अंगावरच्या सामानाला गिअर म्हणतात. मोटरसायकलला पाच गिअर आहेत आणि ते मोटरसायकलच्या आत आहेत. कृपया गिअरबॉक्स आणू नयेत.

पुनम म्हणाली, "पण काका, आपण त्यांना गिअरबॉक्सचं कधी लिहिलं?"

मी म्हटलं, "न्हाई लिहिलं."

"मंग त्यांना कसं कळलं?"

मी तिला दुसरंच काहीतरी सांगितलं. बाहेर आलो, रसवंतीच्या बाकावर बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. रसवाला विचारायला लागला, काय झालं भाऊ, कोणी वारलं का. मी म्हटलं, न्हाई, उलट झालंय.

पी. दासवर माझी नजर पहिल्यापासून होती, ते बंगाली-बिंगाली मी तुला चिडवायला लिहिलं होतं. पण गिअरचं सोंग नव्हतं रे. ते मी मनापासून चुकलो. सोंग असतं तर मी पोतं बांधलं नसतं, एक ओळ लिहून भागलं असतं. पण तू माझी पत्रं वाचतोस हे आता मला कळलं. आणि दाजी दुबईच्या विमानतळावर गिअरबॉक्सचं पोतं घेऊन उभे राहिलेले तुला बघवले नाहीत, हेही कळलं.

घाबरू नकोस. कंपनीत मी तुला साहेबच म्हणेन. तिथं तुझी इज्जत आहे. ज्यानं पायात सळई घालून, रागानं जग सोडलं, तो शेवटी वाळवंटात गाड्यांतच जाऊन बसला, याचा मला केवढा आनंद झाला तो कागदावर मावायचा नाही. शिलाला अजून काही सांगितलेलं नाही.

तुमचं गिऱ्हाईक,
उत्तमसिंग

हिंगोली
३० एप्रिल २००६

प्रेमदास,

पी. दास साहेबांनी विचारलंय: दुसऱ्या स्वाराचं नाव काय, वय काय, अनुभव काय. रीतसर उत्तर मी त्यांना पाठवलं. तुला बिनरीतसर सांगतो.

शिलाला मी सांगितलं नाही, तिनं काढून घेतलं. माजघराच्या कोपऱ्यात ते पोतं तसंच पडलं होतं. तिनं पायानं ढोसलं.

"ह्यात काय हाय?"

"गिअरबॉक्स. दुबईला न्यायचे होते, आता न्यायचे न्हाईत."

"प्रेम्याकडं?"

मी गप्प. ती म्हणाली, "तुमालाच कान हायत का? मला तुमचं गप्प बसणं ऐकू येतं." तुझं नाव तिच्या तोंडून मी सात वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

मग तिनं सगळं ऐकलं. गाड्या, वाळू, पी. दास, गिअर. गिअरला हसली नाही. शेवटी म्हणाली, "दोन गाड्या काहून? दुसरी कोणाची?"

"ठरलं न्हाई अजून."

"मंग माझी."

"शिले, तुला सायकल येत न्हाई."

"मला बैल हाकता येतो. आन फटफटीला तर शिंगं पण हायत धरायला."

हे सगळं आपल्या गोरमाटीत झालं, मी मराठीत लिहितो, कारण आपली बोली लिहायला गेलो की माझा हात अडतो. तिचा सूर तू तुझा घाल.

किसनरावांचं कुरुंद्याचं रान हळद काढून रिकामं झालंय. माती भुसभुशीत, पडलं तर लागत नाही. तिथं जुनी स्प्लेंडर नेली. पहिल्या दिवशी किसनराव स्वतः आले, डोक्याचा रुमाल काढून पुन्हा बांधला आणि विहिरीकडं निघून गेले. गोजरबाई, त्यांची बायको, मात्र बांधावर ठाण मांडून बसल्या. "उत्तमभाऊ, तुमची बायको कोळपं चालवून राहिली का फटफटी? एका सरीतून दुसऱ्या सरीत जाईना!" पुनमनं आपला सलवार-कमीज दिला होता. शिलानं तो घातला आणि त्यावर पदर म्हणून ओढणी अशी आवळली की श्वास घ्यायला जागा नाही.

ती पहिल्या गिअरमध्ये चालवते. इंजिन रडतं, मी ओरडतो, "दुसरा टाक!" ती म्हणते, "पहिलाच बरा हाय, वळखीचा झालाय." बाजारात बायका बोलतात. "शिलाबाईला काय झालं म्हणे? नवरा गाड्या दुरुस्त करून करून तिला पण लागलं का येड?" ते मी ऐकतो, आणि तिनं ऐकलं नाही असं समजतो.

परवा ती पडली. गाडी आडवी, ही मातीत. मी धावलो. हिचं कोपर सोलवटलेलं. मातीतच बसून राहिली आणि मी न विचारता बोलली. जशीच्या तशी ओळ देतो. "मी चुकले असं मी म्हणणार न्हाई. तो जित्ता हाय. पण मी काय इकलं, ते मला कळू तर द्या."

मग उठून पुन्हा किक मारायला लागली. किक तिला बसत नाही, सात-आठ मारते, नवव्याला शिव्या देते, मग सुरू होते.

तर दुसऱ्या स्वाराचं नाव: शिला उत्तमसिंग. अनुभव: हळदीचं एक रान. पी. दास साहेब नाही म्हणाले तर मी दोन्ही गाड्या रद्द करीन आणि पुन्हा कधी तुझ्या दारात येणार नाही. दुसऱ्या कंपनीकडं जायचा प्रश्नच नाही. आम्हाला वाळू नको आहे, हे तुलाही कळतं.

उत्तमसिंग

हिंगोली
२७ ऑगस्ट २००६

प्रेमदास,

मे गेला, जून गेला, जुलै गेला. पी. दास गप्प. मी रोज पुनमच्या दुकानावरून गेलो, ती रोज दारातूनच हात हलवायची. शिला काही विचारायची नाही. पण पेरणी झाली, रान मोकळं राहिलं नाही, तरी ती वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत गाडी नुसती सुरू करून बसायची. चालवायची नाही. ऐकायची. मी तिला हाक मारायचो नाही.

राखीच्या दिवशी दुपारी मी जेवायला आलो तर ती चुलीजवळ पाट मांडून एकटी बसली होती. पाटावर काही नव्हतं. मी पाय न वाजवता मागं फिरलो आणि बाहेर टपरीवर खाल्लं.

आणि काल तुझ्या कंपनीचं उत्तर आलं. आजवरच्या सगळ्यांत लांब. शिलाला सोबत घेऊन गेलो. पुनम वाचत गेली, मराठी करत गेली.

दुसरा स्वार नवशिका आहे, सबब त्याला ट्रॅकवर परवानगी नाही. उड्यांवर अजिबात परवानगी नाही. फक्त सपाट वाळू. फक्त सकाळची वेळ. हेल्मेट, मानेचा पट्टा, छातीचं कवच, बूट, सगळं कंपनी देईल, बाहेरचं चालणार नाही. थंडीतच यावं, उन्हाळ्यात वाळू तापते. गाडी लहानातली लहान. शिकवणारा माणूस पूर्ण वेळ सोबत राहील, त्याच्या पुढं जायचं नाही.

पुनम थांबली. शिला खुर्चीवर मागं रेलली होती.

"पुनम, ते 'परवानगी न्हाई'वालं परत वाच गं."

पुनमनं वाचलं.

"परत वाच."

तिनं पुन्हा वाचलं. आणि प्रेमदास, तुझी बहीण हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खुर्ची हलवून हलवून. दुकानातली पोरं वळून बघायला लागली. "उडीवर न्हाई म्हणतो! मानेला पट्टा म्हणतो! भ्यालं गं बाई, भ्यालं माझं पोरगं." आणि मग पदर सोडून मला म्हणाली, "आता त्याला कळून राहिलं, मला काय झालं होतं ते."

मी तिथल्या तिथं पुनमकडून विचारलं, की शिकवणारा कोण असेल. बसून राहिलो. पुनमनं दोनदा चहा सांगितला. उत्तर आलं. एकच शब्द.

"मायसेल्फ."

पुनम म्हणाली, म्हणजे मी स्वतः. शिला म्हणाली, "मला कळलं. एवढं विंग्रजी मला येतं."

डिसेंबरची तिकिटं काढतोय.

दाजी

कंपनीच्या आवारातून, पत्र्याच्या सावलीत
१० डिसेंबर २००६

प्रेमदास,

तू इथून हाकेच्या अंतरावर आहेस आणि मी तुला पत्र लिहून राहिलोय. सवय लागली म्हण. कागद तुझ्याच काउंटरवरचा आहे.

सकाळी तू आम्हाला "वेलकम सर, वेलकम मॅडम" म्हणालास. केस पांढरे झालेत तुझे. शिला तुझ्याकडं बघत होती आणि तू वहीकडं. मग सामान आणलंस. छातीचं कवच पुनमच्या कमीजवर चढवलंस. मानेचा पट्टा दोनदा काढून दोनदा बांधलास. बूट घालायला गुडघ्यावर बसलास, चार पट्टे आवळलेस, पण मान काही वर केली नाहीस. ती खाली बघत होती, तुझ्या टाळूकडं. चालताना तुझा पाय अजून किंचित ओढतो, तेही तिनं पाहिलं. तू बोललास ते एवढंच: "क्लच. ब्रेक. ब्रेक हळू." आणि ती म्हणाली, "व्हय." सात वर्षांतलं हे तुमचं पहिलं बोलणं. मी शेजारी हेल्मेट धरून उभा होतो आणि पाणी पीत राहिलो, तुमच्या अटीप्रमाणं.

मग तुम्ही दोघं त्या वाळूच्या उंचवट्यामागं गेलात. दिसेना, पण मला दिसायची गरज नाही. तिची गाडी पहिल्या गिअरमध्ये. तुझी तिच्या उजव्या अंगाला, तिच्यापेक्षा हळू, रेस आवरून धरलेली. एक फेरी. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला तिनं दुसरा गिअर टाकला. मी इथं एकटाच उठून उभा राहिलो. इंजिनाचा सूर मोकळा झाला आणि ती तुझ्या पुढं गेली. तू मागं लागलास. परवानगी नव्हती पुढं जायची, तरी गेली.

मग तिची गाडी बंद पडली. लगेच तुझी बंद झाली.

काही वेळ नुसता वारा. आणि मग तो आवाज उठला. उंच, लांब ओढलेला. इथं तुझे दोन सोबती बसले होते, केरळचा कॅशियर आणि पठाण मिस्त्री. दोघं ताडकन उठले. कॅशियरनं औषधाची पेटी घेतली, पठाणानं जीपची किल्ली.

"मॅडम गिर गया! मॅडम गिर गया!"

मी दोघांच्या मधे हात आडवा धरला. "कोई नहीं गिरा. बैठो."

"तो रोता क्यूं है ऐसा?"

"भाई मिला है उसको."

पठाण म्हणाला, "भाई मिला तो रोने का?"

"हमारे बंजारा लोगों में ऐसाच मिलते. गले लग के, गा के. बीच में कौन मरा, कौन पैदा हुआ, सब उसी में बोलते. सात बरस का मिलना एकदम हो रा है. टाइम लगेगा."

पठाणानं किल्ली खिशात घातली आणि खाली बसला. कॅशियर पेटी मांडीवर घेऊन बसलाय.

वारा तिकडून इकडं आहे, त्यामुळं मला शब्द न शब्द येतोय. "मार भिया" म्हणून, माझ्या भावा म्हणून, तिनं सुरुवात केली. आधी बापू आले. कसे गेले, शेवटी पाणी कुणी पाजलं. मग सोजराबाई काकीचं जाणं. मग वीज पडून मेलेला तांबडा बैल. मग आमच्या लेकीचं, पुजाचं लग्न, आणि नवरीच्या मागं मामा उभा राहतो ती रिकामी जागा. मग दाराकडं लागलेले याडीचे डोळे. तू अजून गप्प आहेस. आपल्यात पुरुष गप्पच राहतो, मला माहीत आहे.

आणि आत्ता, हे लिहीत असताना, तिनं आरएक्सचं नाव घेतलं. गेलेल्या माणसांच्या ओळीत, बापूंच्या आणि काकीच्या खालोखाल, त्याच सुरात. कशी गोठ्यात उभी होती, भंगारवाल्यानं कशी ओढत नेली, तिची चाकं कशी मागं मागं बघत गेली. प्रेमदास, शिला त्या गाडीसाठी रडून राहिली.

तिथं तुझा आवाज आला.

कॅशियरनं मला विचारलं, सर, तुमची गाडी तयार आहे, भाडं सकाळपासून चालू आहे, तुम्ही निघत का नाही? खरं आहे. एवढ्या लांब येऊन, एवढं शिकून-सवरून, माझी गाडी समोर उन्हात उभी आहे आणि मी तिला अजून किक मारलेली नाही. मारली तर हे ऐकू यायचं नाही.

उत्तमसिंग